विश्लेषण : गाणे अजरामर, वादक अनामिक... केर्सी लॉर्ड यांच्या कारकीर्दीतून काय कळते?

लग्नसराईत यावल, फैजपूर, सावद्याच्या रस्त्यावर वरात निघाली की बँडवाल्याकडे एक फर्माईश ठरलेली असते. नागीन! कॅसिओवर ती धून सुरू झाली की नवरदेवाचे मित्र तोंडात रुमाल धरून रस्त्यावर लोळण घेतात. ही धून आली १९५४ च्या ‘नागीन’ या चित्रपटातून. संगीत हेमंत कुमार यांचे, हे अनेकांना ठाऊक असते. पण मूळ गाण्यात वाजणारी बीन ही बीन नव्हतीच, ते एक किबोर्ड होते, हे फार थोड्यांना माहीत असते. आणि ते कुणी वाजवले, हे त्याहून थोड्यांना.

हिंदी-मराठी चित्रपटसंगीतात असे शेकडो वादक होऊन गेले. त्यांनी वाजवलेला तुकडा ऐकताच गाणे ओळखता येते, पण त्यांचे नाव तबकडीवर नाही, पडद्यावर नाही आणि आज मोबाइलवरच्या गाण्याच्या माहितीतही नाही. मुंबईचे केर्सी लॉर्ड हे त्यातले एक ठळक नाव. त्यांची कारकीर्द आणि वादकाचे नाव न लिहिण्याची किंमत, याविषयी...

‘नागीन’मधली बीन कुणी वाजवली?

फ्रान्समध्ये १९४७ साली कॉन्स्टंट मार्टिन यांनी क्लॅव्हिओलिन नावाचे वाद्य तयार केले. लहानशी पट्टी, पेटीसारख्या कळा आणि विजेवर निर्माण होणारा आवाज. आजच्या इलेक्ट्रॉनिक किबोर्डच्या पूर्वजांपैकी हे एक. मुंबईत कल्याणजी वीरजी शहा या तरुण वादकाने ते हाताळले आणि त्यातून बिनीसारखा आवाज काढला. ‘नागीन’च्या गाण्यात त्यांच्या क्लॅव्हिओलिनला हार्मोनियमची साथ होती रवी यांची. रवी तेव्हा हेमंत कुमार यांचे सहायक होते.

पुढे कल्याणजी हे ‘कल्याणजी-आनंदजी’ जोडीतले संगीतकार म्हणून गाजले आणि रवीही स्वतंत्र संगीतकार झाले. म्हणून तरी ही हकिकत सांगितली गेली. जे आयुष्यभर वादकच राहिले, त्यांच्या वाट्याला तेवढेही आले नाही.

सेशन वादक म्हणजे कोण?

ठरावीक ध्वनिमुद्रणापुरते बोलावले जाणारे आणि पाळीप्रमाणे मानधन घेणारे वादक म्हणजे सेशन वादक. तो कुठल्या एका बँडचा किंवा संगीतकाराचा नोकर नसतो. सकाळी एका संगीतकाराकडे, दुपारी दुसऱ्याकडे, असे त्याचे काम चालते. समोर येईल ती चाल, सांगतील ते स्वर थोड्या वेळात समजून घेऊन बिनचूक वाजवणे, हे त्याचे कौशल्य.

मुंबईत ही पद्धत दुसऱ्या महायुद्धानंतर रुजली. त्याआधी चित्रपट कंपन्यांकडे पगारी वादक असत. स्वतःचे स्टुडिओ, पगारी नट आणि पगारी वादक ही जुनी व्यवस्था मोडली आणि वादक मोकळे झाले. ताडदेव, महालक्ष्मी, वांद्रे अशा भागांतल्या ध्वनिमुद्रणगृहांत त्यांचे दिवस जाऊ लागले. त्यांची सिने म्युझिशियन्स असोसिएशन ही संघटना होती. वादकांची श्रेणी आणि त्यानुसार मानधन ठरवण्याची पद्धत तिच्यामार्फत चालत असे.

या मंडळींत गोव्याचे ख्रिस्ती वादक मोठ्या संख्येने होते. चर्चच्या शाळांत शिकल्यामुळे त्यांना पाश्चात्त्य स्वरलिपी वाचता येई. सेबॅस्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस, फ्रँक फर्नांड ही त्यांतली मोठी नावे. अँथनी गोन्साल्विस हे प्यारेलाल यांचे व्हायोलिनचे गुरू. ‘अमर अकबर अँथनी’ (१९७७) मधल्या गाण्यात त्यांचे नाव पात्राला दिले गेले. ते नाव देशभर गाजले, पण तो खराखुरा संगीतज्ञ होता हे लोकांना कळायला बराच काळ गेला. गोवेकरांबरोबर पारशी वादकही होते. गुडी सिरवाई यांच्या अकॉर्डियनचा दबदबा होता. याच पारशी परंपरेतले लॉर्ड कुटुंब.

केर्सी लॉर्ड कोण होते?

केर्सी लॉर्ड यांचा जन्म १९३५ चा. वडील कावस लॉर्ड हे तालवादक. बोंगो, कोंगा अशी लॅटिन अमेरिकेतली तालवाद्ये हिंदी चित्रपटसंगीतात रुजवणाऱ्यांत त्यांचे नाव अग्रभागी घेतले जाते. धाकटे बंधू बुर्जोर ऊर्फ बुजी लॉर्ड हे ड्रम आणि व्हायब्राफोन वाजवत. एकाच घरातील तिघे जण वेगवेगळी वाद्ये घेऊन मुंबईच्या ध्वनिमुद्रणगृहांत काम करत होते.

केर्सी किशोरवयातच वडिलांच्या मागे या व्यवसायात आले. सुरुवात तालवाद्यांपासून झाली. मग ते व्हायब्राफोन आणि ग्लॉकेनस्पीलकडे वळले. ग्लॉकेनस्पील म्हणजे धातूच्या छोट्या पट्ट्या ओळीने बसवलेले वाद्य. ते काठीने वाजवतात, त्याचा आवाज बारीक घंटेसारखा येतो. जयदेव यांचे संगीत असलेल्या ‘हम दोनो’ (१९६१) मध्ये देव आनंद यांच्या हातातल्या लायटरमधून एक धून वाजते आणि तीच पुढे गाण्यात येते. त्या गाण्यातले ग्लॉकेनस्पील केर्सी लॉर्ड यांचे.

त्यानंतर अकॉर्डियन, पियानो, इलेक्ट्रॉनिक ऑर्गन आणि अखेरीस सिंथेसायझर असा त्यांचा प्रवास झाला. नौशाद यांच्यापासून आर. डी. बर्मन यांच्यापर्यंत दोन-तीन पिढ्यांच्या संगीतकारांकडे त्यांनी काम केले. वादनाबरोबर संगीत संयोजन आणि पार्श्वसंगीताचे कामही केले. १६ ऑक्टोबर २०१६ रोजी मुंबईत वयाच्या ८१ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

त्यांच्या वादनाची सर्वांत प्रसिद्ध खूण कोणती?

‘आराधना’ (१९६९) मधले ‘रूप तेरा मस्ताना’. बाहेर पाऊस, आत शेकोटी आणि कॅमेरा न थांबवता एकाच सलग दृश्यात चित्रित झालेले गाणे. त्यात किशोर कुमार यांच्या आवाजाला मध्येमध्ये उत्तर देत राहते ते अकॉर्डियन केर्सी लॉर्ड यांनी वाजवले.

अकॉर्डियन म्हणजे गळ्यात अडकवलेली पेटीच म्हणा. उजव्या हाताला पियानोसारख्या कळा, डाव्या हाताला बटणे आणि मध्ये भाता. भाता किती जोरात, किती अलगद ओढायचा यावर आवाजाचा चढउतार अवलंबून असतो. राज कपूर यांच्या चित्रपटांत हेच वाद्य मोकळे, खुशीत वाजताना ऐकू येते. ‘आराधना’च्या गाण्यात त्याचा सूर दबका आहे, थांबत थांबत येणारा आहे. गाण्यातली ओढ आणि संकोच बऱ्याच अंशी त्या तुकड्यांनी तयार होतो. ते तुकडे वगळून गाणे गुणगुणून पाहिले तर काय हरवले ते लगेच जाणवते.

या गाण्यासाठी किशोर कुमार यांना त्यांचा पहिला फिल्मफेअर पुरस्कार मिळाला. तो योग्यच होता. अकॉर्डियनसाठी मात्र पुरस्काराचा विभागच नव्हता. संगीतकार, गीतकार, गायक आणि फार तर सहायक संगीतकार, एवढ्यांवर श्रेयनामावली संपत असे.

तेव्हाचे ध्वनिमुद्रण कसे होत असे?

आज प्रत्येक वाद्य वेगवेगळे मुद्रित करून संगणकावर जोडता येते. चूक झाली तर तेवढाच स्वर बदलता येतो. केर्सी लॉर्ड यांच्या उमेदीच्या काळात ही सोय नव्हती. गायक आणि सगळे वादक एकाच वेळी वाजवत. मोठ्या गाण्याला वादकांची संख्या कधी कधी शंभराच्या आसपास जाई. माइक मोजके असत. कोणते वाद्य माइकच्या किती जवळ बसवायचे, यावरच आवाजाचा तोल ठरे.

संपूर्ण गाणे एका दमात मुद्रित व्हायचे. शेवटच्या कडव्यात एखाद्या व्हायोलिनवादकाचा गज घसरला तर गाणे पुन्हा पहिल्यापासून. त्यामुळे केर्सी लॉर्ड यांच्यासारख्या वादकावर दुहेरी जबाबदारी असे. स्वतःचा तुकडा नजरेत भरणारा हवा आणि तो अचूक जागीच यायला हवा. गायक, पन्नास-साठ वादक आणि ध्वनिमुद्रक यांची सगळी मेहनत त्या चार सेकंदांवर अवलंबून असे.

हे तुकडे नेहमीच कागदावर तयार मिळत असेही नाही. संगीतकार मूळ चाल देई. संगीत संयोजक, म्हणजे अ‍ॅरेंजर, कोणते वाद्य कुठे वाजेल ते लिहून काढी. आणि बऱ्याचदा संगीतकार वादकालाच म्हणे, ‘इथे काहीतरी भर.’ तिथे सुचलेले चार स्वर गाण्याची ओळख होऊन बसत. मग ते स्वर कुणाचे? संगीतकाराचे, संयोजकाचे की वादकाचे? या प्रश्नाचे उत्तर त्या काळी कुणी लिहून ठेवले नाही आणि त्याचा वाद आजही संपलेला नाही.

सिंथेसायझर आल्यावर काय बदलले?

अमेरिकेत रॉबर्ट मूग यांच्या कंपनीने १९७० साली ‘मिनीमूग’ हा सुटसुटीत सिंथेसायझर बाजारात आणला. एका वेळी एकच स्वर वाजणारे, पण आवाजाचा पोत हवा तसा घडवता येणारे हे वाद्य होते. १९७० च्या दशकात ते हिंदी चित्रपटसंगीतात आणण्याचे श्रेय केर्सी लॉर्ड यांना दिले जाते. नव्या आवाजांची भूक असलेल्या आर. डी. बर्मन यांच्यासारख्या संगीतकारांसाठी तो मोठाच खजिना होता.

वादकांच्या मनात मात्र धास्ती होती. एका यंत्रातून तंतुवाद्यांचा, बासरीचा, तुतारीचा भास निर्माण होणार असेल, तर त्या वादकांना कोण बोलावणार? पुढच्या दोन दशकांत ही भीती खरी ठरली. १९८३ मध्ये दोन गोष्टी घडल्या. यामाहाचा ‘डीएक्स-७’ हा डिजिटल सिंथेसायझर आला आणि वेगवेगळ्या कंपन्यांची वाद्ये एकमेकांना जोडणारी ‘मिडी’ ही पद्धत आली. त्यानंतर एक किबोर्ड वादक आणि एक संगणक मिळून अख्ख्या वाद्यवृंदाचे काम करू लागले. १९९० च्या दशकात शंभर वादकांचे मोठे हॉल ओस पडू लागले.

या बदलात मोठा विरोधाभास आहे. ज्यांनी यंत्राचा आवाज मुंबईत आणला, तेच केर्सी लॉर्ड पुढे यंत्रमय झालेल्या संगीतापासून बाजूला झाले. लॉर्ड पिता-पुत्रांवर रुद्रदीप भट्टाचार्य यांनी केलेल्या माहितीपटाचे नावच ‘द ह्युमन फॅक्टर’ असे आहे. संगीतातला माणसाचा वाटा, हा त्याचा विषय. ऑकलंड विद्यापीठातील संगीत अभ्यासक ग्रेगरी बूथ यांनी अशा वादकांच्या मुलाखती घेऊन २००८ मध्ये ‘बिहाइंड द कर्टन’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यातही केर्सी लॉर्ड भेटतात. याच बूथ यांनी त्याआधी, २००५ मध्ये, भारतातल्या वरातीच्या बँडवर ‘ब्रास बाजा’ हे पुस्तक लिहिले होते. चित्रपटगीत घडवणारे स्टुडिओतले वादक आणि तेच गीत गावोगावी पोहोचवणारे बँडवाले, दोघांची दखल घ्यायला परदेशी अभ्यासक यावा लागला.

मराठी संगीतात काय चित्र होते?

फारसे वेगळे नव्हते. गणेशोत्सवात हमखास वाजणाऱ्या ‘अष्टविनायक’ (१९७९) चित्रपटाच्या गाण्यांचे संगीतकार अनिल-अरुण. त्यातले अनिल मोहिले हे व्हायोलिनवादक आणि संयोजक, तर अरुण पौडवाल हे अकॉर्डियनवादक. दोघांनीही हिंदी चित्रपटसृष्टीत वादक-सहायक म्हणून दीर्घ काळ काम केले होते. संगीतकार म्हणून नाव लागले तेव्हा लोकांना ते माहीत झाले.

पुण्याचे एनॉक डॅनियल्स यांनी अकॉर्डियनवर चित्रपटगीतांच्या स्वतंत्र तबकड्या काढल्या आणि स्वतःची ओळख निर्माण केली. प्रभाकर जोग यांच्या व्हायोलिनला ‘गाणारं व्हायोलिन’ म्हणून रसिकांनी डोक्यावर घेतले. या तिन्ही उदाहरणांत एक समान धागा दिसतो. संगीतकार होणे, स्वतःच्या नावाने तबकडी काढणे किंवा मंचावर एकल कार्यक्रम करणे, यांपैकी काही केले तरच वादकाचे नाव राहिले. केवळ साथ करणाऱ्याचे नाव राहिले नाही.

याला सन्माननीय अपवाद ए. आर. रहमान यांचा. त्यांनी कारकीर्दीची सुरुवात किबोर्डचे सेशन वादक म्हणूनच केली. इलयराजा यांच्याकडेही ते वाजवत. ‘रोजा’ (१९९२) नंतर ते संगीतकार म्हणून देशभर पोहोचले आणि आपल्या ध्वनिफितींच्या, सीडींच्या वेष्टनावर कोणते वाद्य कुणी वाजवले ते छापण्याचा पायंडा त्यांनी पाडला.

जमैकातल्या किबोर्ड वादकाशी याचा काय संबंध?

सेशन वादकाची ही परवड जगभर सारखीच आहे. जमैका हे कॅरिबियन समुद्रातले छोटे बेट, लोकसंख्या तीस लाखांच्या आसपास. रेगे संगीत तिथले. त्या संगीताचा पाया घालणाऱ्यांत जॅकी मिटू या किबोर्ड वादकाचे नाव घेतले जाते. त्यांचा जन्म १९४८ चा. पियानो त्यांना आजीने शिकवला. १९६४ मध्ये, वयाच्या सोळाव्या वर्षी, ते ‘स्कॅटलाइट्स’ या गाजलेल्या वाद्यवृंदाचे संस्थापक सदस्य होते. त्यानंतर किंग्स्टनमधल्या ‘स्टुडिओ वन’ या ध्वनिमुद्रण संस्थेत ते वादक आणि संगीत संयोजक झाले.

जमैकात ‘रिदम’ ही पद्धत आहे. एकदा मुद्रित केलेल्या वाद्यसंगीतावर अनेक गायक आपापली वेगळी गाणी चढवतात. खान्देशात एकाच ट्रॅकवर दहा गाणी निघतात, तसेच काहीसे. मिटू आणि त्यांच्या साथीदारांनी १९६० च्या दशकात घडवलेले वाद्यसंगीत पुढे पुन्हा पुन्हा वापरले गेले. ‘रिअल रॉक’ हा असाच एक रिदम. त्यावरच्या एका गाण्याची आवृत्ती लंडनच्या ‘द क्लॅश’ या बँडने १९७९ मध्ये काढली. त्यांच्या आणखी एका रिदमवर आधारित ‘पास द डची’ हे गाणे बर्मिंगहॅममधल्या शाळकरी मुलांच्या ‘म्युझिकल यूथ’ या बँडने गायले आणि १९८२ मध्ये ते ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर पोहोचले. त्याच्या रचनाकारांत मिटू यांचेही नाव लागले.

मिटू नंतर कॅनडातील टोरांटोत स्थायिक झाले. १९९० मध्ये अवघ्या ४२ व्या वर्षी कर्करोगाने त्यांचे निधन झाले. रचनाकार म्हणून नाव लागले तिथे कायद्याने वाटा मागता येतो. जिथे ते फक्त वादक होते, तिथे त्या दिवसाचे मानधन हीच शेवटची रक्कम. केर्सी लॉर्ड आणि जॅकी मिटू यांच्यात हजारो मैलांचे अंतर, पण व्यवहाराचे सूत्र तेच.

भारतीय कायदा वादकाला काय देतो?

कॉपीराइट कायदा १९५७ चा. त्यात कलाकाराचा, म्हणजे ‘परफॉर्मर’चा, स्वतंत्र हक्क आला तो १९९४ च्या दुरुस्तीने. केर्सी लॉर्ड यांची बहुतेक गाजलेली गाणी त्याआधीची. या कायद्यातली कलाकाराची व्याख्या वाचण्यासारखी आहे. नट, गायक, वादक, नर्तक, कसरतपटू, जादूगार यांच्यासोबत तिथे गारुड्याचाही उल्लेख आहे. बीन वाजवणारा खरा गारुडी आणि किबोर्डवर बिनीचा आवाज काढणारा वादक, दोघेही कायद्याच्या लेखी कलाकार.

२०१२ च्या दुरुस्तीने हा हक्क आणखी भक्कम झाला. चित्रपटासाठी वादन करायला लेखी संमती दिली तरी त्या वादनाच्या व्यावसायिक वापरासाठी कलाकार रॉयल्टीचा हक्कदार राहतो. आपल्या सादरीकरणावर आपले नाव असावे, अशी मागणी करण्याचा नैतिक हक्कही त्याला मिळाला. हा हक्क सादरीकरणानंतर ५० वर्षे टिकतो.

स्टुडिओत बंद दाराआड वाजवलेले ‘सादरीकरण’ ठरते का, हा प्रश्न न्यायालयात आला होता. गायिका नेहा भसीन यांनी श्रेय न मिळाल्याबद्दल दाद मागितली तेव्हा दिल्ली उच्च न्यायालयाने २००६ मध्ये स्पष्ट केले, की श्रोत्यांसमोर असो वा स्टुडिओत, प्रत्येक सादरीकरण मुळात प्रत्यक्षच असते.

मग अडचण कुठे आहे?

अडचण २०१२ च्याच दुरुस्तीतल्या एका परंतुकात आहे. चित्रपटात ज्याचे सादरीकरण किरकोळ किंवा प्रासंगिक स्वरूपाचे आहे आणि व्यवसायातल्या नेहमीच्या प्रथेनुसार ज्याचे नाव श्रेयनामावलीसह कुठेच दिले जात नाही, अशा व्यक्तीला कलाकार मानले जाणार नाही, असे ते सांगते. आपल्या कामाची मोडतोड झाली तर आक्षेप घेण्याचा हक्क तेवढा अशा व्यक्तीला राहतो.

या परंतुकात दोन अटी आहेत. काम किरकोळ असणे आणि नाव देण्याची प्रथा नसणे. ‘आराधना’मधल्या अकॉर्डियनला कुणी किरकोळ म्हणणार नाही. पण दुसरी अट वादकांच्या बाबतीत पिढ्यान्‌पिढ्या पूर्ण होत आली आहे. नाव न देणे हीच प्रथा आणि त्या प्रथेकडे बोट दाखवून हक्क नाकारण्याची वाट मोकळी. श्रेयनामावलीतले एक नाव हा मानापमानाचा विषय वाटतो. कायद्याने पाहिले तर तो पैशाचा विषय आहे.

इतर देशांत वादकांना वाटा मिळतो का?

अमेरिकेत डिजिटल रेडिओवरून मिळणाऱ्या रॉयल्टीची वाटणी कायद्यानेच ठरवून दिली आहे. ५० टक्के ध्वनिमुद्रणाच्या मालकाला, ४५ टक्के मुख्य कलाकाराला आणि ५ टक्के साथीदारांना, म्हणजे २.५ टक्के वादकांना आणि २.५ टक्के साथीच्या गायकांना. वाटा लहान आहे, पण तो गाणे वाजत राहील तोवर येत राहतो. ब्रिटनमध्येही गाणे रेडिओवर वाजले की त्यातल्या सेशन वादकाला हिस्सा मिळण्याची व्यवस्था आहे.

किबोर्ड वादकासाठी सर्वांत गाजलेला निकाल ब्रिटनमधलाच. ‘प्रोकोल हारम’ या बँडचे १९६७ चे एक गाणे त्यातल्या ऑर्गनच्या सुरावटीमुळे जगभर ओळखले जाते. ती सुरावट वाजवणारे मॅथ्यू फिशर यांनी जवळपास चार दशकांनी दावा दाखल केला. २००९ मध्ये तेथील सर्वोच्च अपील न्यायसंस्थेने, हाउस ऑफ लॉर्ड्सने, त्यांना सहरचनाकार मानले आणि गाण्याच्या संगीतातला ४० टक्के वाटा कायम ठेवला. वादकाने भरलेले चार स्वर ही रचना असू शकते, हे त्या निकालाने अधोरेखित केले.

खान्देशातल्या वादकांनी काय लक्षात ठेवावे?

मुंबईतले मोठे हॉल ओस पडले, पण किबोर्ड गावोगावी पोहोचला. जळगाव, धुळे, नंदुरबार पट्ट्यात आज अहिराणी गाणी छोट्या स्टुडिओंत तयार होतात आणि यूट्यूबवर जातात. त्यातले सनई, पिपाणी, पावरीसारखे सूर अनेकदा किबोर्डवरच वाजतात. गाणे चालले तर ते वर्षानुवर्षे पाहिले जाते, डीजेवर वाजते, दुसऱ्या कुणाच्या रीलला लागते. वादकाला मात्र ध्वनिमुद्रणाच्या दिवशी हातात पडलेल्या रकमेपलीकडे काही मिळत नाही. केर्सी लॉर्ड यांच्या पिढीची आणि यावलच्या किबोर्डवाल्याची स्थिती या बाबतीत एकसारखी आहे.

फरक एवढाच, की आजच्या वादकाकडे काही साधने आहेत. पहिले साधन म्हणजे नाव. गाण्याखालच्या माहितीत ‘किबोर्ड : अमुक’ ही एक ओळ लिहून घेणे. ती लिहायला खर्च येत नाही आणि पुढे तीच पुरावा ठरते. दुसरे, नोंद. कोणत्या तारखेला, कोणत्या गाण्यासाठी, काय वाजवले आणि किती पैसे मिळाले, हे निदान व्हॉट्सअ‍ॅप संदेशाने तरी कळवून ठेवणे. तिसरे, करार. मधले संगीत वादकाने स्वतः रचले असेल तर ते कुणाच्या नावावर राहणार, हे सही करण्यापूर्वी ठरवणे. कायद्यानुसार संगीतकार ठरण्यासाठी स्वरलिपी लिहिता येण्याची गरज नाही. रचना ज्याने केली तो संगीतकार.

चौथे साधन संस्थांचे. गीतकार आणि संगीतकारांची रॉयल्टी गोळा करण्याचे काम ‘इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी’ (आयपीआरएस) ही १९६९ मध्ये स्थापन झालेली संस्था करते. गायक आणि वादकांच्या हक्कांसाठी ‘इसाम्रा’ ही संस्था आहे. ती आधी फक्त गायकांची होती, पुढे तिच्या नावात आणि कामात वादकांचाही समावेश झाला. वादकांना दारात घेतले जाणे, हा अलीकडच्या काळातला मोठा बदल मानला जातो.

पुढे काय?

मिनीमूग आला तेव्हा वादकांना जी धास्ती वाटली होती, तीच आज किबोर्ड वादकांना वाटते आहे. दोन ओळींचे वर्णन लिहिले की कृत्रिम बुद्धिमत्ता अख्खे गाणे वाद्यांसह तयार करून देते. जुन्या ध्वनिमुद्रणांतून शिकूनच ही यंत्रे तयार झाली आहेत. त्या ध्वनिमुद्रणांचा मोबदला कुणाला द्यायचा, यावर जगभर खटले आणि चर्चा सुरू आहेत. अशा वेळी कोणता तुकडा कुणी वाजवला याची नोंद नसेल, तर मोबदल्याची वाटणी करताना वादक मोजणीतच येणार नाही.

केर्सी लॉर्ड यांची नोंद त्यांच्या हयातीतच अभ्यासकांनी आणि माहितीपटकारांनी केली, म्हणून ‘आराधना’च्या त्या अकॉर्डियनला आज नाव आहे. त्यांच्या शेजारच्या खुर्च्यांवर बसून वाजवणाऱ्या अनेकांना ते लाभले नाही. त्यांच्यापैकी काही जण आज ऐंशी-नव्वदीत आहेत. कुणी काय वाजवले हे सांगू शकणारी ती शेवटची माणसे. त्यांच्याकडून ते लिहून घ्यायला फार वेळ उरलेला नाही.